सदतीस अंश

बाहेर शेहेचाळीस.
गिरणेच्या पुलावर डांबर चपलेला धरून ठेवतं.
आत, काचेच्या दारामागे, सदतीस.
मे महिन्यात जळगावला
अंगाच्या उबेलाच गारवा म्हणायचं.

यंदा आखाजीला माहेरी गेले नाही.
निंबाला झोका बांधला होता, माझ्या वाट्याचे झोके
भावजयीने घेतले.
फोनवर आई : “तुन्ह्या त्या पेशीस्ले एक दिन बी सुट्टी नही का वं?”
नाही आई. उपाशी राहिल्या तर मरतात.

काम तुला कळेल असंच आहे.
सोऱ्यातून कुरडई घालतेस ना खाटेवर,
तसं. चीक पातळ झाला की बसतो,
घट्ट झाला की तार तुटते.
माझा सोऱ्या सुईएवढा. माझ्या चिकात जिवंत पेशी
आणि रावेरच्या केळीचं खोड,
घड उतरल्यावर बांधावर फेकतात ते,
त्याचे तंतू इतके बारीक केलेले
की केस त्यांच्यापुढे वासा वाटावा.
वर चांदी. चिमूटही नाही, चांदीची नुसती अफवा,
जखमेत जंतूंनी घर करू नये म्हणून.

खोडं आणून देतो जुम्मा तडवी.
टाचेला सात महिन्यांची जखम, साखर तीनशे,
पायाला पिशवी बांधून चालतो.
“मले कधी लावशाल?”
अजून उंदराच्या पाठीवरच आहे, काका. भरत आलीय.
“उंदराचं बरं हाये,” म्हणतो, आणि हसतो,
आणि मी त्याच्या टाचेकडे बघत नाही.

दुसऱ्या कप्प्यात सी-चौदा.
म्हणजे कलाबाई बऱ्हाटे, साकळी.
अंगठा नाही, सही केली होती,
सावकाश, तिसरीतल्या अक्षरात.
विचारलं होतं, “त्या गाठीले दुखीन का तिकडे?”
कार्तिकात त्या गेल्या.
गाठ आहे.
मी छापलेल्या जाळीत तिच्या पेशी
एकमेकींना धरून बसतात,
छातीत बसल्या असतील तशाच,
आणि आम्ही त्यांच्यापुढे औषधं हरवून बघतो,
म्हणजे पुढच्या बाईच्या अंगात हरायला नकोत.

सात हरली.
आठव्याने आज कडा काळवंडली.
वहीत लिहिलं : एक्केचाळीस टक्के मृत.
आनंदाचाच आकडा. तरी शेवटचा शब्द लिहिताना
पेन जरा अडलंच.

तेवढ्यात लाइट गेली.
जनरेटरला अकरा सेकंद लागतात.
काळोखात मी काचेवर तळवा ठेवला,
लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा.

ताप नाही.