अकरा अहवाल

अकरा अहवाल टेबलावर,
भंवरकुव्याच्या एकाच दुकानात बांधून घेतलेले,
म्हणून सगळ्यांवर तीच पवनचक्की, तेच ट्युलिप,
कोपऱ्यात कॉलेजचं बोधचिन्ह, जरा ताणलेलं.
इंदूरचा मे. वीज गेलीय.
सोमवारपर्यंत दहापैकी गुण द्यायचेत
आणि मी देतेय ते पेन्सिलीने.

गरिमा सोळंकीने सगळं मोजून आणलंय.
एका चौरस मीटरला टोमॅटो किती किलो,
एका किलोला पाणी किती लिटर,
भोमाऱ्यांचे पुठ्ठ्याचे डबे किती ओळींमागे एक.
चुकूनही कुठे लिहिलं नाही की थंडी होती,
की शेवेचं पाकीट तिने हॉटेलात
एकटीने, पांघरुणात संपवलं.
नऊ.

रुखसार मन्सूरीने फुलांच्या लिलावावर लिहिलंय.
भिंतीएवढं घड्याळ, काटा वरच्या भावापासून
खाली खाली घसरत येतो,
जो आधी बटण दाबेल त्याचा माल.
कुणी ओरडत नाही, कुणाचा घसा बसत नाही.
तिचे अब्बा चोइथराम मंडीत
लसणाच्या ढिगावर उभे राहून बोली पुकारतात,
संध्याकाळी घरी फक्त खुणेने बोलतात.
शेवटचं वाक्य तिने खोडलंय,
पण टॉर्चपुढे कागद धरला की दिसतं:
भाव पडताना इतकी शांतता मी पहिल्यांदाच ऐकली.
खोडलेल्याला गुण देता येत नाहीत.
मी दिला एक.

बालमुकुंद पाटीदार, गाव सांवेरजवळ.
पाच पानं. त्यातली दोन माझ्याच नोट्समधली,
माझ्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट.

त्या काचघरात शिरताना
बुटांवर निळी प्लास्टिकची मोजडी चढवली होती सगळ्यांनी.
आत पांढऱ्या पन्हळी, दोऱ्यांवर टांगलेले वेल,
मुळं दगडाच्या लोकरीत, थेंब थेंब जेवणारी.
बावीस वर्षं मृदाशास्त्र शिकवणारी मी
बावळटासारखी विचारून बसले, माती कुठेय?
योस्ट नावाचा तो उंच मुलगा अदबीने हसला.
माती? माती बाहेर. मातीतून रोग येतात.
अकरा जणांनी एकदम माझ्याकडे पाहिलं,
जणू माझंच तिकीट चुकीच्या देशाचं निघालं होतं.

तेव्हा मागच्या बाकावरचा हा
मोडक्या इंग्रजीत पुढे झाला.
सर, अवर सॉइल, स्वतःला स्वतः नांगरते.
आणि हवेतच कोपरापर्यंत हात खुपसून दाखवला:
मेमध्ये एवढी भेग. वरचा भुगा आत पडतो.
मग पाण्याने फुगते, खालची वर येते.
माणूस नको, बैल नको, डिझेल नको.
योस्टने वही काढली. खरोखर काढली.
विचारलं, हे कोणत्या कंपनीचं?

यातलं एक अक्षर अहवालात नाही.
खर्चाच्या तक्त्यात मात्र एक ओळ आहे:
निळी मोजडी, चार जोड, निःशुल्क.

एप्रिलमध्ये त्यांच्या शेतावर गेलो नमुने घ्यायला.
ओट्यावर दह्याची गाडगी ओळीने,
प्रत्येकाच्या तोंडावर ताणून बसवलेलं
एकेक निळं मोजडं, इलॅस्टिकसकट.
त्याची आई म्हणाली, पाल पडत नाही आता,
बरं केलं मॅडम, तुम्ही याला एवढ्या लांब नेलंत.
बालमुकुंद ऑगर घेऊन
न सांगताच बांधाकडे चालू लागला.
दही गोड होतं.

किती द्यायचे याला?
निष्कर्ष नाही, संदर्भसूची नाही,
ट्युलिपचं स्पेलिंग तीन वेळा तीन तऱ्हेचं.

माझं पेन काल प्रयोगशेतावर
वाकले तेव्हा खिशातून निसटून भेगेत गेलं.
हात घातला, मनगट, कोपर,
आत गार होतं, पेन लागलं नाही.
राहू दे.
दोन-चार पावसाळ्यांत
येईल वर.