पहिली दोन अक्षरं

तंबाखूच्या हंगामात निपाणीत
कीबोर्डसुद्धा शिंकतो.
तशाच एका दुपारी सुगंधा मगदूम आली,
दोऱ्यात ओवलेला पेनड्राइव्ह गळ्यातनं काढून
झेरॉक्सच्या काचेवर ठेवला.
"अण्णांच्या फायली. उघडंनात कुठंच."

जिनगोंडाअण्णा. छापखाना बंद पडेपर्यंत
हँडबिलं, पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका,
दोन्ही लिप्यांत, एकाच बोटांनी.
नंतर माझ्याकडं येऊन बसायचे
आणि न विचारता माझे ऱ्हस्व-दीर्घ काढायचे.

सतरा फायली. एकीलाही आडनाव नाही.
टिंबाच्या पुढं काही नाही,
टिंबच नाही.
सतरा कोरे कागद, कोपरा दुमडलेले,
आणि कॉम्प्युटर मलाच विचारतोय:
हे कशात उघडू?

कॉलेजातल्या कुणीतरी डॉट जेपीजी लावून बघितलं होतं,
मग डॉट एमपीथ्री.
मी हसलो नाही.
पाटी नव्यानं रंगवली म्हणून
दुकानातला माल बदलत नाही,
या गावात हे शेंबडं पोरगंही सांगेल.

एकेक फाईल नोटपॅडमध्ये सोडली.
नोटपॅड काही लपवत नाही, समजावतही नाही.
चौकोन, पौंडाची चिन्हं, नुसता पाचोळा.
तो सोडून द्यायचा. डोकं तेवढं बघायचं.
पी के: हे गाठोडं, सोडून बघ.
टक्का आणि पीडीएफ: हा नाव सांगूनच आत येतो.
एम झेड: हात लावू नको, हा कागद नव्हे,
हा उठून चालायला लागेल.
आणि एका फाईलीच्या तोंडाशी
पोटात आडवी रेघ घेतलेला डी.
जुना वर्ड.

उघडली. उघडली म्हणजे काय,
कुलूप निघालं, आत अंधार तसाच.
सवयीनं आपला मराठी फॉन्ट लावला.
अक्षरं झाली, शब्द झाले नाहीत.
मग ते ए दिसले.
जिकडं तिकडं ए, डोक्यावर तिरकी काडी.
एवढे काडीवाले ए आपल्याला लागत नाहीत.
चिकोडीच्या बसय्याला फोन केला.
त्यानं फॉन्ट पाठवला,
वर म्हणाला, मागच्या वेळचा चहा बाकी आहे.

अक्षरं गोल झाली.
मला कन्नड पाटीपुरतं येतं,
बस कुठली, कचेरी कुठली.
सुगंधा कन्नड शाळेची. खुर्ची ओढून
काचेवर बोट ठेवून वाचायला लागली
आणि दुसऱ्या ओळीला थांबली.
"काका, हे कन्नड न्हाई."
पुन्हा पहिल्यापासनं, मोठ्यानं:
"सुगंधा, तुला आपली अक्षरं वाचाय येत न्हाईत,
म्हणून असं लिवतोय."

तिच्या बोटाखाली कन्नड,
माझ्या कानात अण्णा.

पुढं काय असेल? यादी.
पहिली फाईल पेजमेकरची, वखारीचं पावतीपुस्तक.
चौथी, कोगनोळीचं हँडबिल, निम्मे पैसे यायचेत.
नववीला जुना फॉन्ट लागंल, सीडी कपाटात,
निळ्या पिशवीत, तुझ्या आईला विचारू नको,
तिला ती पिशवी भाजीची वाटती.
सगळ्या फायली उघडायची रीत
न उघडणाऱ्या फाईलीत नीट ठेवून
माणूस निघून गेला होता.
ती हसली, मग नाक पुसलं.
तंबाखूनं, म्हणाली.

तेवढ्यात हेस्कॉमची वीज गेली.
माझा यूपीएस सात मिनिटं टिकतो.
ती वाचत गेली, मी टिंबं देत गेलो,
टिंबापुढं तीन-तीन अक्षरं.
सोळा झाल्या.

सतरावी यादीत नव्हती.
तिची पहिली दोन अक्षरं मी कधी बघितलेली नाहीत.
बसय्यानंही नाहीत.
"ऱ्हाऊ दे तुमच्याकडं," म्हणाली,
वीस रुपये ठेवले, मी दहा परत केले.

आठ महिने झाले.
सकाळी मशीन चालू केलं की
बिलांच्या खाली तो कोरा कागद.
एकदा डबलक्लिक करतो.
हे कशात उघडू, तो विचारतो.
कॅन्सल करतो,
आणि मग दिवसाची पहिली झेरॉक्स.