स्थानिक नाव

प्रकाशाला बंधाऱ्याखाली पट्टी घेऊन बसते मी.
शेपटीपर्यंत एकोणीस सेंटिमीटर,
पाठीच्या परात काटे किती,
कडेच्या रेषेवर खवले किती,
चुकते, पुन्हा मोजते.

सुपडू भोई मोजत नाही.
डोळ्यांत मोतीबिंदू; अंगठा
पोटावरून उलटा फिरवतो, म्हणतो, मरळ.
शिंगटा टोचायच्या आधीच कळतो त्याला.
वाम निसटली की हसतो,
जणू तीच तिची खूण.

त्याच्या आजाने पाला पाहिला होता म्हणे,
समुद्रातून तापी चढत आलेला, चांदीसारखा.
मग खाली उकाईला भिंत झाली.
माझ्या तक्त्यात पाल्याची ओळ आहे,
तिच्यापुढे काही नाही.

आज जाळ्यात एक काळं, चिलखती,
तोंड पोटाकडे,
कुणाच्या तरी काचेच्या पेटीतून सुटलेलं.
सुपडूचा अंगठा त्यावर थांबला,
परत मागे गेला, थांबला.
मी पुस्तकातलं लांबलचक नाव वाचून दाखवलं.
त्याने नीट ऐकलं.

“नाव शे,” तो म्हणाला,
“वळख नही.”

रकाना : स्थानिक नाव.
पेन हातात तसंच.
तो खरचटलेला अंगठा चोखत
जाळ्यातला गाळ झटकतोय.