खांब

भोरच्या शाळेत, हेडसरांच्या खोलीबाहेर
कप्तानांच्या नावांचा काळा बोर्ड.
दर जूनला मीच पांढरा हात फिरवतो.

एकोणऐंशी सालापुढे एवढंच :
खो-खो, जिल्हा, मुली, विजयी.
नाव नाही.
क्लार्क म्हणतो, रजिस्टर वाळवीनं खाल्लं.

काल नातवाच्या दाखल्यासाठी आलेली एक बाई
रांग सोडून मैदानात गेली.
चपला काढल्या, पदर खोचला,
खांबाला तळहात लावला
आणि अंग असं वळलं
की धूळसुद्धा उशिरा उठली.

धापा टाकत परत रांगेत :
"खांब बदललाय. आमचा सागाचा होता,
हाताला तेल लागायचं."

ब्रश रॉकेलमध्ये तसाच ठेवून
मी नाव विचारलं.

"तेव्हाचं?" म्हणाली.