हरणाचा खूर

लाइपझिगहून पाकीट आलं तेव्हा
ते आधीच कुणीतरी उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं.
पत्रात लिहिलं होतं, पंधरा बिया.
भिंगाखाली मोजल्या, बारा भरल्या.
खसखशीएवढ्या, काळ्या.
उरलेल्या तीन कुठल्या साहेबाच्या टेबलावर सांडल्या
देव जाणे.

ओस्त्रावाच्या इस्पितळात मी बॉयलर सांभाळायचो.
रात्रपाळीला, वाफेच्या नळावर,
इंजेक्शनच्या पत्र्याच्या डबीत वाळू चाळून
बारा जणींना ऊब दिली.
सात उगवल्या. दोन बुरशीनं नेल्या.
वर्षाअखेर उरलेली पाच रोपं
माझ्या शर्टाच्या एका बटणाखाली झाकली जात.

द्राहोमीरा म्हणायची,
लोक कुत्रं पाळतात,
ते निदान दारात शेपूट हलवतं.
खिडकीची फळी निवडुंगांनी बळकावलेली,
पडदा ओढला की टरकायचा,
तिच्या विणकामात लोकरीपेक्षा कुसळं जास्त.
तरी नोव्हेंबरात माझा हात झारीकडे गेला
की स्वयंपाकघरातून तिचाच आवाज :
"हात आवर. ही तहानेनं मरत नाहीत, लाडानं मरतात."
हे तिला कुणी शिकवलं, मला माहीत नाही.
मी तरी नाही.

चौदाव्या वर्षी एकाला फूल आलं.
जांभळट गुलाबी, रोपाहून मोठं,
जणू बुटक्याच्या डोक्यावर राजाची छत्री.
वरच्या मजल्यावरच्या कुबेशोवाबाईंना हाका मारून बोलावलं.
त्या वाकल्या, चष्मा पुसला, म्हणाल्या,
"कागदाचं आहे का?"

मग सरहद्दी उघडल्या.
पैसे जमेपर्यंत मी एकसष्टचा झालो.
विमान, तीन बसगाड्या, मातेवालाच्या पुढे
एक आटलेलं तळं. ऑक्टोबर.
चिखल वाळून परातीसारखा सपाट, पांढरा,
तडेच तडे.
मला त्याचं लॅटिन नाव पाठ होतं,
मातीतला चुना किती, तेही पाठ होतं.
सकाळपासून उन्हं कलेपर्यंत रांगलो,
एकही दिसलं नाही.

शेळ्या घेऊन एक बाई आली, एउलालिया.
मला बघून आधी पोटभर हसली.
मग काठीचं टोक
माझ्या डाव्या गुडघ्याला लावलं
आणि म्हणाली, हरणाचा खूर.
तेवढं स्पॅनिश मला येत होतं.

गुडघा उचलला.
खाली तेच.
जमिनीच्या पातळीत रुतलेलं, मळकं,
एक कड शेळीनं कुरतडलेली,
पाच कोरुनांच्या नाण्याएवढं.
वय? कदाचित माझ्याएवढं.
घरची माझी पाचही आठवली :
गाळलेल्या पावसाच्या पाण्यावर वाढलेली, तुकतुकीत, वाटीएवढी.
काबाडकष्ट करणाऱ्या थोरल्या भावासमोर
आपलं गुबगुबीत पोर उभं करावं
तसा ओशाळलो.

"खणून देऊ?" तिनं विचारलं.
पूर्वी आलेल्यांनी पोती भरभरून नेली होती,
तिला वाटलं, मीही त्यांतलाच.
मान हलवली. नको.
पण बाटलीचं बूच मात्र मी उघडलं होतं,
हात पुढेही गेला होता,
आणि दहा हजार किलोमीटरवरून
स्वयंपाकघरातला तो आवाज आला.
बाटली एउलालियाला दिली.
ती दोन घोट प्यायली,
उरलेलं ओंजळीत ओतून कुत्र्याला पाजलं.

घरी आलो. द्राहोमीरानं पेटी उघडली,
तळापर्यंत चाचपली. "काय आणलंस?"
काहीच नाही.
मग तिच्या हाती माझी पँट लागली,
डाव्या गुडघ्यावर पांढरा चिखल, वाळलेला.
आता धुवायला टाकणार, असं मला वाटलं.
ती खिडकीशी गेली
आणि पाचही कुंड्यांवर
पँट नीट झटकली.

चिमूटभर तरी पडला असेल.
पाणी मात्र मार्चपर्यंत नाही.