तिसरं रीळ

दिवाळी झाली की पुळणीवर तंबू यायचा,
एरवी बांगडे सुकायचे तिथेच.
म्हणून आमच्या लेखी त्या घोड्यांना
कायम सुक्याचा वास.
रात्री मतलई सुटली की पडदा फुगायचा,
आणि रांगेने दौडणारे स्वार
होड्या लाटेवर चढाव्यात तसे वर जायचे, खाली यायचे.
आम्हाला ते बरोबरच वाटे.

पडद्याशेजारी पेडणेकर मास्तर, हातात कर्णा.
गोऱ्यांचं बोलणं ते मराठीत सांगत:
'हा शेरीफ. म्हणजे फौजदार.
हा त्याचा वैरी. आता पिस्तूल काढील.'
पुरुषांना मास्तर पल्लेदार वाक्यं देत,
कुठल्या कुठल्या नाटकांतून उरलेली.
बाईची वेळ आली की विडी पेटवत.
'ही त्याची बायको. ही रडते आहे.'
झालं.

आणि खरंच, ती तेवढंच करी.
दारात उभी, एप्रन मुठीत,
मागे कंदील, पुढे धूळ.
घरात चूल धगधगे,
पण लाकडाची मोळी तिच्या डोक्यावर कधी दिसली नाही.
विहीर म्हणे दोन मैलांवर,
आणि झग्याला पाण्याचा एक डाग नाही.

दुसरी असे गुत्त्यातली, तांबड्या झग्याची.
ती मोठ्याने हसे, पत्ते पिसे,
नायकाला खरं काय ते तोंडावर सांगे
आणि तिसऱ्या रिळात त्याच्यावरची गोळी खाऊन मरे.
सिनेमा दरसाल वेगळा, गोळी तीच.
दोरीच्या अलीकडे, बायकांच्या बाजूला,
नाकं ओढली जात ती हिच्यासाठी.
धुरीकाकी म्हणे,
'हिका जगवली असती तर
त्या दारातलीचा काय काम होता?'

एका वर्षी मास्तरांचा घसा बसला.
तंबूवाल्याने भागीआत्याला बोलावलं,
जी बंदरावर लिलाव पुकारी,
जिचा आवाज खाडीपलीकडे मोजला जाई.
तिने कर्णा उलटासुलटा करून बघितला,
माशाचा कल्ला बघावा तसा.

नायक खोगीर कसत होता.
दारातलीचे ओठ हलले.
आत्या म्हणाली, 'जा. पण सांगून जा,
वाण्याचा किती देणा आसा,
आणि गुरांका कोण बघतलो.'
तंबूभर हशा.
मग पुरुषांच्या बाजूचा हशा आधी थांबला.
त्यातले निम्मे पुढल्या आठवड्यात
बोटीवर खलाशी म्हणून चढणार होते.

तांबड्या झग्यावालीला तिने मरू दिलं,
तिथे तिचाही इलाज नव्हता.

मग डोंगराच्या कडेने काही माणसं गेली, केसांत पिसं.
बंदुकांनी तिकडे तोंडं वळवली.
सगळ्यांत मागे एक बाई,
पाठीवर टोपली, टोपलीचा पट्टा कपाळावर.
पाच आकडे मोजेपर्यंत दिसली.
ओठ हललेच नाहीत तिचे.
कर्ण्यातून नुसता आत्याचा श्वास.
मग हळू आवाजात,
पहाटे बाजाराच्या वाटेवर विचारतात तसं:
'गे बाय, काय गावला आज?
जड आसा? थांब, हात लावतंय.'
तोवर गोळ्या सुटल्या होत्या.

तंबूवाल्याने आठ आणे दिले, आत्याने बारा घेतले.
पुढल्या साली मास्तरांचा घसा सुटला
आणि ती पुन्हा रडू लागली.

परवा नातीच्या लॅपटॉपवर तोच सिनेमा सापडला,
खाली बोलण्याच्या ओळींसकट.
दारातली म्हणते, 'नको जाऊस.'
तेवढंच म्हणते.
मास्तर खोटं सांगत नव्हते.

टोपलीवाली आली तेव्हा खालची पट्टी रिकामी.
मी बोट दाबून तिला थांबवलं,
एक पाय चढावर उचललेला.
नात म्हणाली, 'आजी, अडकलं का?'
'नाही गं,' म्हटलं,
'तिला जरा टेकू दे.'