अदलाबदलीचा ताळेबंद

महालेखाकार कार्यालयात एकतीस वर्षं
दुसऱ्यांच्या वह्यांत चुका शोधल्या,
म्हणून फालका बाजारात सगळ्यांना वाटतं
की मला ठाऊक असणार.
कचोरी उलटता उलटता मुन्ना विचारतो,
"दुभाषी साहब, बताओ तो, सौदे में जीता कौन?"

काय दिलं, ते लिहून ठेवलंय.
साबिर मन्सूरी, सेंटर फॉरवर्ड, वय बावीस,
दोन मोसमांत एकेचाळीस गोल,
एक पिवळं कार्ड
(शिवी दुसऱ्यानेच दिली होती, पण असो).

काय आलं, तेही आहे.
बिर्लानगरचे दोन हाफबॅक;
एकाचा गुडघा थंडीत कुरकुरतो,
दुसरा मुरैन्याचा माहौर, तो बोलतच नाही.
गोलकीपरचे पॅड, एक पट्टा तुटका.
रोख चाळीस हजार,
त्यात मैदानाच्या भिंतीचं भगदाड बुजलं
आणि म्हशी यायच्या थांबल्या.

सही झाली त्या संध्याकाळी
साबिरने जर्सी घडी करून टेबलावर ठेवली.
स्टिक मात्र हातातच होती.
स्टिक क्लबची. पावती माझ्याकडे.
सेक्रेटरी विसपुते माझ्याकडे बघत राहिले,
मी खिडकीबाहेर, किल्ल्याकडे.
एकतीस वर्षांत असली एक नोंद
मी कुणाला गाळू दिली नव्हती.

डिसेंबरात त्याने तिकडे तीन सामन्यांत सात मारले.
"लुट गए," म्हणाला मुन्ना.
मग आमच्यावर चार सामन्यांत एकही गोल झाला नाही,
माहौर चेंडू असा काढून घ्यायचा
जसं झोपलेल्या माणसाच्या हातातलं वर्तमानपत्र.
"लूट लिया," म्हणाला मुन्ना.
दर रविवारी तेल तेच, मत ताजं.

मग जानेवारीतला तो सामना, त्यांच्याशी.
धुकं इतकं की किल्ला नव्हताच,
पलीकडचा गोल नव्हता,
पंचांची शिट्टी होती, पंच नव्हते.
आम्ही एकाने मागे.
आमचा पेनल्टी कॉर्नर परतवायला
साबिर स्वतःच्या डीमध्ये, पिवळ्या जर्सीत.
चेंडू अडला, त्याच्याच स्टिकला आला,
आणि उजवीकडून आमच्या अनंतने
तोंडाने दोनदा आखूड शीळ घातली,
सहावीपासून घालायचा तशी.

मान वर न करता,
उलट्या स्टिकने,
साबिरने पास दिला.

फळीचा आवाज आला.
मग बराच वेळ काहीच आलं नाही.
धुकं जरा हललं तेव्हा दिसलं,
साबिर कानावर हात ठेवून उभा होता,
जणू चूक पायाची नाही, हाताची नाही,
कानाचीच.

बाजारात त्यावर आठवडाभर तळण चाललं.
कुणी म्हणे पैसे खाल्ले, कुणी म्हणे जुनं मीठ.
कुणी म्हणे पाहा, दिलेला माल परत आला.
माहौर बाकावर बसून कचोरी खात होता.
दोना चाटून पुसून फेकला
आणि मोसमातलं पहिलं वाक्य बोलला,
"कोहरा था. आवाज पहचान की थी."
आणि मुरैन्याची बस धरायला निघून गेला.

गोल अनंतच्या नावावर घातला.
आमच्या वहीत पास देणाऱ्याचा रकाना नसतो;
मी फूटपट्टी घेतली, पेन्सिलीने एक आखला,
त्यात साबिर मन्सूरी लिहिलं,
कंसात कुठला क्लब ते लिहिलं नाही.

आता दोन्ही बाजू जुळत नाहीत.
एका गोलाचा फरक येतो, एका स्टिकचा.
नोकरीत असतो तर रात्र जागवली असती.
पुढच्या पानावर फरक म्हणूनच ओढून नेलाय.

"तो जीता कौन?" मुन्ना झारा आपटतो.
चटणी कमी घाल, म्हणतो मी,
आणि दोन बांधून दे.
बिर्लानगरकडे जायचंय.
त्याच्या स्टिकची पकड उसवलीय, ऐकलं.
पट्टी माझ्या खिशात आहे.